साडेचार हजारांचं वर्कशॉप, एक पीडीएफ आणि माझं पहिलं 'सजेशन'

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचातले अडीच स्टार. त्यातला दीड एकट्या साउंडवाल्या काकांचा आणि उरलेला एक जेवणाचा, जेवण खरंच छान होतं, वालाची उसळ होती.

तर झालं असं की अंधेरी वेस्टला दोन दिवसांचं वीकेंड वर्कशॉप होतं, सेटवरची भाषा बिगिनर्सना शिकवणारं, फी ४५०० रुपये, त्यात चहा, दुपारचं जेवण, एक सर्टिफिकेट आणि एक पीडीएफ. संस्थेचं नाव टाकत नाहीये, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको, आणि माझा राग माणसांवर कमी नि त्या पीडीएफवर जास्त आहे. मी मूळची साताऱ्याची, पुण्यात मास कॉम केलं, आणि एका मैत्रिणीच्या ओळखीने घोडबंदर रोडला एका मराठी मालिकेवर चौथी एडी (असिस्टंट डिरेक्टर) म्हणून लागणार होते. चौथी एडी म्हणजे जिच्या खाली कोणीच नसतं. जॉइन व्हायच्या आधी निदान शब्द तरी कानावरून गेलेले असावेत, चारचौघात बावळटासारखं उभं राहायला नको, एवढ्याच हेतूने मी पैसे भरले. म्हणून हा रिव्ह्यू मी वर्कशॉप संपल्यावर लगेच न लिहिता सेटवर दोन महिने काढून मग लिहितेय, कारण वर्कशॉपमधून निघताना मी पाचातले पाच दिले असते.

आता ती पीडीएफ. बारा पानं, दीडशेच्या आसपास शब्द, इंग्रजी अल्फाबेटप्रमाणे लावलेले. त्यामुळे पहिला शब्द काय, तर ऍबी सिंगर. 'ऍक्शन'च्याही आधी. ऍबी सिंगर हा अमेरिकेतला असिस्टंट डिरेक्टर आणि पुढे प्रॉडक्शन मॅनेजर होता, शेवटून दुसरा शॉट आला की तो आधीच सगळ्यांना सांगून ठेवायचा म्हणजे पुढची आवराआवर सुरू करता येईल, म्हणून तिकडे त्या शॉटलाच त्याचं नाव पडलं. आणि दिवसाचा अगदी शेवटचा शॉट तो मार्टिनी, कारण त्याच्या पुढचा 'शॉट' ग्लासातून. किस्से म्हणून मस्त आहेत, मला आवडले, पण या दोन शब्दांवर वीस मिनिटं गेली आणि दोन महिन्यांत एकदाही कोणाच्या तोंडून ऐकले नाहीत. आमच्याकडे फर्स्ट एडी ओरडते 'लास्ट बट वन आहे रे', झालं, आणि मार्टिनीच्या जागी प्रत्येक जण मोबाईल काढून ठाण्याची रिक्षा बघायला लागतो.

पूर्ण पीडीएफ अशीच. हनीवॅगन म्हणजे सेटवरची टॉयलेटची गाडी (आमच्याकडे बंगल्यामागचं बाथरूम, कडी लागत नाही, बाहेर कोणालातरी उभं करून जायचं). क्राफ्टी म्हणजे खाण्यापिण्याचं टेबल. सी-फोर्टीसेव्हन म्हणजे, आता बसा, कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. टंगस्टन लाइटच्या बार्नडोअरला (लाइटच्या तोंडावरच्या पत्र्याच्या झडपा) रंगीत जिलेटिन अडकवायला तो वापरतात कारण पत्रा भयंकर तापतो आणि लाकूड हाताला चटका देत नाही, हे सगळं बरोबर आहे, पण माझ्या सेटवर त्याला चिमटाच म्हणतात हो. मी पहिल्या दिवशी लाइट दादांना ऐटीत म्हणाले, दादा सी-फोर्टीसेव्हन देऊ का, तर ते बिचारे वरच्या खोलीतल्या एसीचा मॉडेल नंबर समजले.

गॅफर (लाइटवाल्यांचा मुख्य), बेस्ट बॉय (त्याच्या हाताखालचा), की ग्रिप (ट्रॉली-स्टँडवाल्यांचा मुख्य) हे शब्द आपल्याकडेही मोठ्या सिनेमांच्या युनिटवर चालतात, नाही असं नाही. पण मालिकेच्या सेटवर सगळं जग दादांवर चालतं. लाइट हलवणारे लाइट दादा, ट्रॉली ढकलणारे ट्रॉलीवाले दादा, सोफा-भिंत इकडची तिकडे करणारे सेटिंग दादा, चहापाणी बघणारे स्पॉट दादा, कपड्यांचे ड्रेस दादा, आणि हेअरच्या ताई. यात एक अलिखित नियम आहे जो पीडीएफमध्ये कुठेच नाही, तो म्हणजे एका दादांचं काम दुसऱ्या दादांना सांगायचं नाही आणि आपण स्वतः तर अजिबात करायचं नाही. खुर्ची दोन इंच सरकवायची असली तरी सेटिंग दादांना हाक मारायची. लाइटच्या स्टँडला हात लावायचा नाही. मी लावला. वाटेत येत होता म्हणून एक स्टँड बाजूला सरकवला, त्याच्या पायावर वाळूची पिशवी होती ती उचलून कडेला ठेवली, व्यवस्थित, भिंतीला टेकवून. वर कटर लटकत होता. कटर म्हणजे काळ्या कापडाची फ्रेम, नको तिथला लाइट अडवायला लावतात. पिशवी गेल्यावर स्टँड हळूच डोलायला लागला आणि लाइट दादा तीन ढांगांत आले, एका हाताने स्टँड धरला नि दुसऱ्या हाताने मला मागे केलं, बोलले काही नाही, नुसतं बघितलं. खाली ज्येष्ठ अभिनेत्री पोथी वाचत बसलेल्या, त्यांना आजही माहीत नाही.

याच मुद्द्यावर माझा वर्कशॉपवर खरा आक्षेप आहे. दीडशे शब्दांत सेफ्टीचे शब्द किती, तर मी मोजले, दोन. जड सामान घेऊन जाताना आपल्याकडे 'बाजू बाजू' नाहीतर 'साइड साइड' ओरडतात आणि ते ऐकलं की मागे वळून बघायचं नसतं, आधी सरकायचं असतं. मोठा लाइट चालू करायच्या आधी लाइटवाला आवाज देतो, तेव्हा तिकडे डोळे करायचे नसतात. केबलवर पाय द्यायचा नाही. हे अर्ध्या तासात सांगून झालं असतं, ऍबी सिंगरच्या वीस मिनिटांत तर नक्कीच.

बरं आता चांगलं पण सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी एक रिटायर्ड साउंड रेकॉर्डिस्ट काका आले, पांढरा झब्बा, पीडीएफ नाही, प्रोजेक्टर नाही, हातात फक्त एक जुनी लाकडी क्लॅप. त्यांनी विचारलं, रोल साउंड आधी का म्हणतात आणि कॅमेरा नंतर का. कोणाला येईना. मग त्यांनी पैशाचा हिशोब मांडला. ३५ एमएमची ४०० फुटांची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमनी चालवली तर साडेचार मिनिटंसुद्धा पुरत नाही, आणि फिल्म महाग, साउंडची टेप त्या मानाने स्वस्त. म्हणून आधी टेप चालू करायची, तिचं मशीन पूर्ण वेगाला आलं की रेकॉर्डिस्ट म्हणणार 'स्पीड', मग कॅमेरा रोल, मग क्लॅप, मग ऍक्शन. कॅमेरा सगळ्यात शेवटी कारण त्याच्या प्रत्येक सेकंदाला पैसे जळतात. आता सगळं कार्डवर जातं, वेगाला यायचं काही नाही, तरी आमचा साउंडवाला मुलगा, वय चोवीस असेल, टेपला कधी हात लावला नसेल, तोही 'स्पीड' म्हणतो. मला प्रत्येक वेळी काका आठवतात.

मग त्यांनी क्लॅप शिकवली. दोन पट्ट्या एकमेकींवर आपटतात ती फ्रेम आणि आवाजातला तो टोकदार 'टक', हे दोन एडिटर जुळवतो, म्हणून ती वाजवायची, स्टाइल म्हणून नाही. आधी बोलायचं मग वाजवायचं. वाजवल्यावर पट्ट्या क्षणभर मिटलेल्या ठेवायच्या, हलवायच्या नाहीत. सुरुवातीला क्लॅप द्यायची राहिली तर शॉटच्या शेवटी द्यायची आणि ती उलटी धरून, म्हणजे एडिटरला कळतं की ही शेवटची आहे. क्लोजअप असेल तर बोर्ड आर्टिस्टच्या चेहऱ्याजवळ न्यावा लागतो, तिथे फाडकन वाजवायची नाही, हळूच टेकवायची, समोरचा माणूस रडायच्या तयारीत बसलेला असतो. आम्हा सतरा जणांकडून त्यांनी एकेक करून करून घेतलं, माझा हात थरथरत होता तर म्हणाले, कोपर पोटाला चिकटव बाळा. हे वाक्य मला सेटवर रोज उपयोगी पडतं, अक्षरशः रोज.

पण क्लॅपवर काय लिहायचं ते शिकवलं दुसऱ्या सरांनी आणि तिथे परत अमेरिका. त्यांच्याकडे सीनचा नंबर आणि सेटअपचं अक्षर, म्हणजे १२ ए, १२ बी, १२ सी, त्यात आय आणि ओ गाळायचे कारण ते एक आणि शून्यासारखे दिसतात. आम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं, आय आणि ओ अंडरलाइन करून. आमच्या सेटवर एपिसोड नंबर, सीन नंबर, शॉट नंबर, टेक नंबर, सरळ आकडे, शॉट चार म्हणजे चार. मी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत डी, ई, एफ लिहीत बसले, रात्री साडेअकराला एडिटवरून फोन, ताई हे इंग्रजी बाराखडीचं काय चाललंय. फर्स्ट एडीने सावरून घेतलं.

आता टायटलमधलं सजेशन. चौथा दिवस, सासू-सुनेचा समोरासमोरचा सीन. मास्टर झाला, म्हणजे पूर्ण सीन एकदा लांबून घेऊन झाला, सासूबाईंचे क्लोज झाले, आणि दिग्दर्शक मॉनिटरमागून म्हणाले, 'चला, आता हिचं सजेशन घेऊन टाकू.' सगळे हलायला लागले. मी सगळ्यात जवळ होते, आणि मला वाटलं काय छान आहेत सर, नवीन मुलगी आहे तरी तिला विचारतायत. मी वही-पेन घेऊन हिरोइनकडे गेले, वाकून विचारलं, 'मॅडम, सरांनी विचारलंय, तुमचं काही सजेशन आहे का?' ती गोड आहे, ती खरंच विचार करायला लागली. म्हणाली, हो ना, ही साडी मला या सीनला जरा भडक वाटतेय. मी लिहून घेतलं. जाऊन सरांना वाचून दाखवलं. डीओपी (म्हणजे मुख्य कॅमेरामन) ट्रायपॉडला धरून हसत होता, दिग्दर्शकांना आधी कळलंच नाही, आणि मग त्यांनी जो कपाळावर हात मारला तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. सजेशन म्हणजे ज्याला पीडीएफमध्ये ओव्हर द शोल्डर लिहिलंय तेच. सुनेचा चेहरा, आणि फ्रेमच्या कडेला सासूचा खांदा, थोडासा कान, एवढंच, म्हणजे समोर कोणीतरी उभं आहे हे नुसतं सुचवायचं. इतका सोपा, इतका गोड शब्द, आणि बारा पानांत नाही. (साडी मात्र त्या दिवशी बदलली गेली, क्रेडिट मला नाही मिळालं. आणि मास्टर आधीच झालेला असल्याने कंटिन्युइटीचा (एका सीनच्या सगळ्या शॉट्समध्ये सगळं सारखं दिसण्याचा) काय गोंधळ झाला ते विचारू नका.)

ट्रॅक या शब्दाने तर मला आठवडाभर छळलं. सकाळी ट्रॉलीवाल्या दादांना कोणी म्हणतं ट्रॅक टाका, तो रूळ. अकरा वाजता चॅनलच्या क्रिएटिव्ह येतात (हो, क्रिएटिव्ह हे विशेषण नाहीये, ते माणूस आहे) आणि म्हणतात हा ट्रॅक पुढच्या आठवड्यात बंद करतोय, ती गोष्टीतली लव्हस्टोरी. संध्याकाळी साउंडवाला म्हणतो एक वाइल्ड ट्रॅक घेऊन ठेवू, म्हणजे कॅमेरा बंद ठेवून नुसता संवादाचा आवाज. मी पहिल्यांदा दुपारी ऐकलं की ट्रॅक बंद होतोय तर पळत जाऊन ट्रॉलीवाल्या दादांना सांगितलं गुंडाळा म्हणून. त्यांनी गुंडाळला पण. लुकचंही तसंच, सकाळी लुक म्हणजे दागिने-केस, शॉटमध्ये 'लुक कुठे देऊ' म्हणजे नजर कॅमेऱ्याच्या कोणत्या बाजूला ठेवू. चीट म्हणजे फसवणूक नाही, फुलदाणी खरी जिथे होती तिथून कॅमेऱ्यासाठी जरा सरकवणं, माणसाला पण चीट करतात, 'थोडी चीट हो गं डावीकडे' असं म्हणतात, आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. आणि डावीकडे म्हणजे कॅमेऱ्याची डावी. हे एवढं मात्र वर्कशॉपने नीट शिकवलं होतं, मान्य.

वॉकीटॉकीच्या सेशनबद्दल फार लिहीत नाही. कॉपी, स्टँडबाय, कोणत्या डिपार्टमेंटचं कोणतं चॅनल, मजा आली, लहान मुलांसारखं खेळलो. आमच्या सेटवर दोन वॉकी आहेत, एकाची बॅटरी टिकत नाही, दुसरा प्रॉडक्शनच्या ड्रॉवरमध्ये असतो. आमच्याकडे व्हॉट्सऍप ग्रुप आहे आणि फर्स्ट एडीचा घसा.

एक चूक राहिली सांगायची, ती सगळ्यात वाईट होती म्हणून शेवटी ठेवली असेल मी. मार्क. पीडीएफमध्ये व्याख्या होती, आर्टिस्टने उभं राहायची ठरलेली जागा. एकदम बरोबर, पाठ होती मला. दुसराच दिवस, ड्रॉइंग रूमचा सीन, चार आर्टिस्ट, रिहर्सल होऊन सगळे मेकअप रूमला गेलेले, लायटिंग चाललेलं. फर्स्ट एडी म्हणाली, फ्लोअर जरा क्लिअर कर गं, कप दिसतायत. मी कप उचलले, बाटली उचलली, आणि फरशीवर टेपचे तुकडे चिकटलेले दिसले, लाल, पिवळा, निळा, हिरवा, प्रत्येक इंग्रजी टीच्या आकारात. मला वाटलं कोणत्यातरी जुन्या शूटचा कचरा. खाली बसून नखाने खरवडून चारही काढले, सुंदर निघाले, एकही डाग नाही राहिला, गोळी करून डस्टबिनमध्ये. फोकस पुलरने (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळतो तो) त्या प्रत्येक टेपपासून लेन्सपर्यंत अंतर मोजून फोकसच्या खुणा करून ठेवलेल्या, लाइट त्याच चार जागांवर सेट केलेला. आर्टिस्ट परत आले, सासूबाई खाली बघत म्हणाल्या, 'माझा लाल कुठे गेला?' चाळीस मिनिटं गेली. मालिकेत चाळीस मिनिटं म्हणजे काय ते सेटवरच्यांना सांगायला नको, रात्री हिशोब एकच असतो, आज किती मिनिटांचं फुटेज झालं. मला कोणी ओरडलं नाही. फोकस पुलरने फक्त नवीन टेपचा रोल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, तूच चिकटव आता, मी सांगतो तिथे. वर्कशॉपमध्ये त्या एका शब्दाखाली टेपचा एक फोटो असता ना, तर बास होतं.

पैशाचं म्हणाल तर ४५०० दोन दिवसांना फार नाहीत, मुंबईत. पण पहिलीच नोकरी मराठी किंवा हिंदी मालिकेवर असेल तर त्या पैशात दोन गोष्टी करा असं मी म्हणेन, एक म्हणजे ओळखीच्या कोणाला तरी धरून एक दिवस सेटवर कोपऱ्यात उभं राहा आणि नुसतं ऐका, आणि दोन, लंच ब्रेकला लाइट दादांजवळ बसा. मला कटर, थर्माकोल (पांढरी शीट, लाइट उडवून चेहऱ्यावर घ्यायला), बटर पेपर (लाइट मऊ करायला त्याच्यापुढे लावतात तो), पासिंग (मागून ज्युनियर आर्टिस्ट जातात ते), कंटी (म्हणजे कंटिन्युइटी), हे सगळं त्यांनी डब्यातली भाकरी खाता खाता सांगितलं, माझी वही पालथी करून मागच्या पानावर चित्रं काढून दिली. परदेशी युनिटवर काम करायचं असेल, ऍड फिल्ममध्ये जायचं असेल, तर पीडीएफ उपयोगी आहे, खोटं नाही बोलणार. पुण्यात एफटीआयआयनेही (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट) २०१७ पासून छोटे कोर्स सुरू केलेत, पण मी केलेला नाही म्हणून त्यावर बोलत नाही.

मी हे सगळं वर्कशॉपवाल्यांना फीडबॅक म्हणून मेल केलं, नीट, सभ्य भाषेत, सजेशनचा किस्सा गाळून. दोन दिवसांनी उत्तर आलं, थँक्यू, तुमच्यासारख्या सिरियस विद्यार्थ्यांसाठी आमची लेव्हल टू आहे, ७५०० रुपये. खाली विषयांची यादी होती आणि त्यात पहिलाच विषय, सेटवरची सुरक्षितता. मी परत मेल केलाय की लेव्हल टूला ते साउंडवाले काका आहेत का, असतील तर फक्त त्यांच्या सेशनचे किती. अजून उत्तर नाही आलं.